अक्का, ती गाठ मीच उकरली

अक्का, तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एकटीच किती भांडशील सुमे, घोटभर च्या पी आदी." चहा पिऊनच लिहायला बसले आहे. पैपाहुणे गेले, भावजी मेंढरांकडं परतले, पोरं आपापल्या कामाला लागली. माझ्या डोक्यातला प्रश्न काही हलत नाही. तीन वर्षांपूर्वी तुझ्या घरामागच्या परड्यात मी खुरपं घेऊन बसले, ते चांगलं केलं की वाईट? गावानं आपापला निकाल तेव्हाच दिला. आत्तीनं, आपल्या सासूनं, तर खुरपं भिंतीवरून काढायच्या आत दिला. तुझा तेवढा मिळायचा राहिला, आणि मला दुसऱ्या कुणाचा नकोच आहे.

जावाजावा, हेवादावा म्हणतात. आपल्याला हेव्याला सवडच नव्हती. मी सांगलीच्या विश्रामबागेतली, लग्नानंतरही तिथल्याच लॅबमध्ये नोकरी करणारी. तू जतच्या माळावर मेंढरांमागं जन्म काढलेली. लग्न होऊन घरी आले त्या दिवशी मी तुला "अक्का, तुम्ही बसा ना" म्हटलं, तर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "आवंजावं त्या तलाठ्याच्या बायकूला कर. मला अगं म्हन, न्हाईतर बोलू नगं." तेव्हापासून अगं. संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना तू वंदू, येरडू, मूरू करत कानडीत मोजायचीस, कारण तुझ्या वडलांनी तसं शिकवलं होतं. मी मध्ये काही विचारलं की आकडा चुकायचा. मग पहिल्यापासून, आणि माझ्या नावानं दोन शिव्या, त्याही कानडीतच.

माझ्या नोकरीची तर तू जत्राच करून ठेवली होतीस. कोण पाहुणा आला की सुरू, "आमची धाकटी सांगलीत मानसांची आतडी चिरती. पर घरात मिरची चिराय सांगितली की हिच्या डोळ्याला पानी." लोक हसायचे, मीही हसायचे. पण आत कुठंतरी तुला त्या कामाचा अभिमान होता, हे मला माहीत होतं. ऑपरेशनात काढलेला तुकडा मेणात बसवायचा, केसापेक्षा पातळ कापायचा, रंगवायचा आणि काचेवर घालून लॅबच्या डॉक्टर मॅडमच्या दुर्बिणीखाली द्यायचा, हे मी तुला एकदा सांगितलं तेव्हा तू शेवयांचा पाट बाजूला सारून ऐकत बसली होतीस.

मग तुझं पोट वाढायला लागलं. शेहेचाळिसाव्या वर्षी. गावात कुजबुज झाली की थोरलीला दिवस गेलेत. टँकरच्या रांगेत कुणीतरी तुला तोंडावर विचारलं आणि तू घागर कमरेवरची खाली न ठेवता म्हणालीस, "व्हय, जुळी हायत. एक सरपंचाला दत्तक देनार हाय." रांग हसून मोकळी झाली. पण वर्षभर तुझ्या अंगावर किती जात होतं, ते तू कुणाला सांगितलं नाहीस. दिवाळीला आले तेव्हा मी तुझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. आतून पांढरी फटक. तू हात झटकलास, "मेंढराचं दात बगितल्यागत काय बगतीस?"

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत मोठी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, साधी दिसते, काढून टाकू. मीही तेच म्हणाले, आणि फार तोऱ्यात म्हणाले. "अगं, असल्या गाठी आमच्याकडं रोज येतात. किती बायकांना असतात, त्यांना माहीतही नसतं. काही होत नाही." हे माझे शब्द, अक्का. ते खोटेही नव्हते. शंभरातल्या जवळपास सगळ्या तशाच असतात. आमच्या मॅडम मात्र कुठलीही गाठ तपासल्याशिवाय टाकू देत नाहीत. त्या म्हणतात, प्रत्येक गाठ साधी म्हणूनच आलेली असते.

त्र्याण्णवचा उन्हाळा. मेंढरं घाटावरून नुकतीच परत आली होती, म्हणून तू सांगलीला यायला तयार नव्हतीस. ऑपरेशन जतलाच करायचं ठरलं. मी अडीच तासांची एस.टी. धरून दुपारी पोचणार होते. सोबत लॅबमधली रुंद तोंडाची मोठी बरणी आणि तीत गाठ टिकवायचं औषध घेतलं होतं, कारण लोक गाठी अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबून आणतात. औषधात ती कडक होते आणि मग बाहेर निघत नाही. तुझी गाठ तरी नीट यावी, एवढाच माझा विचार.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी गर्भपिशवीसकट काढलेली गाठ ट्रेमधून बाहेर आणून दाखवली. सगळीकडंच दाखवतात. नातेवाइकांना पाहिल्याशिवाय पटत नाही. भावजींना घेरी आली, ते खालीच बसले. आत्तीनं मात्र पदर खोचून दोन्ही बाजूंनी पाहिली म्हणे. मग डॉक्टरांनी ती बाटलीत घालून भावजींच्या हातात दिली आणि सांगितलं, सांगलीला तपासायला न्या. मी पोचले तेव्हा तू गुंगीत होतीस, ओठ कोरडे पडले होते. मी कापूस भिजवून ओठांवरून फिरवला आणि भावजींना विचारलं, बाटली कुठाय?

"आई घिऊन गेली की घरला."

वडापच्या जीपमध्ये मी कशी बसले, मला आठवत नाही. घरी आले तर आत्ती अंघोळ करून ओल्या केसांनी उंबऱ्यात बसलेली.

"आत्ती, बाटली कुठाय?"

"धुऊन ठिवलीया. गोड्या त्येलाला बरी हाय."

मी ती बाटली आधी उचलून उकिरड्यावर फेकली. विषारी औषधाची बाटली, आणि ही बाई त्यात तेल भरायला निघालेली.

"आणि गाठ?"

"पुरली. परड्यात."

"आवं आत्ती, ती तपासायची होती!"

"काय तपासायचं? माझी तीन नातवंडं ज्या पिशवीत वाडली, ती परक्याच्या कपाटात बाटलीत ठिवायची व्हय? तिघांची वार हितंच पुरलीया. ही बी हितंच."

खरं सांगू? तिचं बोलणं मला वेडेपणाचं वाटलं नाही. तुझ्या तिन्ही बाळंतपणांची वार परड्यातल्या त्याच बोरीखाली आहे, हळद-मीठ घालून, नव्या मडक्यात. बाईच्या पोटातून जे येतं ते उघड्यावर टाकायचं नाही, मातीला द्यायचं, हे आत्तीला तिच्या सासूनं सांगितलेलं. तिनं तुझ्या मायेपोटीच ते केलं. बोरीखाली ताजी माती थापटलेली होती, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवला होता आणि दगडाला कुंकू लावलं होतं. नुसती वार असती तर मीही हात जोडून आले असते.

"आत्ती, मला ती काढावी लागेल."

"तिथं हात लावशील, तर ह्या घरात पाय ठिवायचा न्हाई."

मी भिंतीवरचं खुरपं काढलं. चार वाजले होते, ऊन माळावर रणरणत होतं. मी दगड बाजूला केला, त्याला नमस्कार केला आणि उकरायला बसले. आत्ती आधी मोठ्यांदा बोलली, मग रडली, मग तोंडावर पदर घेऊन खाली बसली. शेजारच्या दोघी कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या. मडकं हाती लागलं. टँकर दोन दिवस आलेला नव्हता, म्हणून मी रांजणातल्या प्यायच्या पाण्याचा एक तांब्या घेऊन गाठीवरची माती धुतली. तेही आत्तीच्या मनाला लागलं. ते पिशवीसकट सगळं बरणीत घातलं, झाकण फिरवलं आणि आले त्या जीपनं परत फिरले. आत्ती त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. घरात पाय ठेवू नको म्हणाली होती, ते मात्र तू चालू दिलं नाहीस.

मॅडमनी बरणी उघडली आणि मलाच फैलावर घेतलं. "माती, हळद, मीठ! सुमन, लोणचं आणलंयस का?" मी झालं ते सांगितलं. त्यांनी सुरी घेतली. साधी गाठ आतून पांढरी आणि घट्ट असते, सुरी चालवली की करकर वाजते. तुझी एका बाजूनं तशीच वाजली. दुसऱ्या बाजूला सुरी आवाज न करता आत गेली. तिथं ती मऊ होती, खरवसासारखी, मधे मधे रक्त साकळलेलं. मॅडमनी एरवीपेक्षा कितीतरी जास्त तुकडे घेतले. ते सगळे मीच मेणात बसवले, मीच कापले, मीच रंगवले.

कॅन्सर होता. गर्भाशयाच्या स्नायूचा, फार क्वचित आढळणारा. मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं की साधी गाठ अशी बिघडणं अगदी विरळ. आणि तीच बिघडली की तिच्या शेजारी ही मुळातच वेगळी वाढली, हेही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. बाहेरून, सोनोग्राफीत, हात लावून, कशानं कळलं नसतं. काढून, चिरून, दुर्बिणीखाली घातल्यावरच कळतं. म्हणजे बोरीखाली राहिली असती, तर कळलंच नसतं.

इथं माझी एक चूक आहे, आणि ती मी कबूल करते. मी तुला आधी सांगितलं नाही. भावजींना सांगितलं. ते म्हणाले, "तिला नगं सांगू, टाकं तरी वाळू देत." आणि जी बाई सासूच्या शिव्या खाऊन गाठ उकरून आणते, तिनं होकाराची मान डोलावली. चार दिवस मी तुझ्या उशाशी बसून तुला पेज भरवली आणि इकडचं तिकडचं बोलले. पाचव्या दिवशी तू वाटी बाजूला केलीस.

"सुमे, तुज्या तोंडावर लिवलंय. मला वाचता येत न्हाई म्हनून काय झालं? वाचून दाव."

मी सांगितलं. सगळं. तू म्हणालीस, "ह्येला किती दिस झालं कळून?"

"चार."

"कुनाकुनाला ठावं हाय?"

मी नावं सांगितली. तू उठून बसायला गेलीस, टाके ओढले म्हणून कळवळलीस, आणि तशीच म्हणालीस, "मला आदी सांगायचं. पोट माझं हाय."

अक्का, लॅबमध्ये मी एवढी वर्षं काम केलं, पण रिपोर्ट कुणाचा असतो हे मला तू शिकवलंस. त्यानंतर मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातला प्रत्येक कागद मी आधी तुझ्यापुढं धरला, मग बाकीच्यांपुढं.

पहिली दोन वर्षं छातीचे सगळे एक्स-रे फोटो स्वच्छ आले. दर तीन महिन्यांनी तू एस.टी.नं सांगलीला यायचीस. पिशवीत बाजरी, वाळवलेल्या बोरांची पुडी आणि माझ्यासाठी काहीतरी टोमणा. एकदा तपासणी झाल्यावर तुला घरी जायचंच नव्हतं. म्हणालीस, थंडी कशी असते ती बगायची हाय. मी रजा टाकली आणि आपण सातारा करून पाचगणीला गेलो. तू घोंगडं पांघरून बाजारातून हिंडलीस. स्ट्रॉबेरी तोंडात घातलीस आणि विकणाऱ्यालाच सुनावलंस, "आमची बोरं बरी की रं हिच्यापरास." बोर्डिंगच्या शाळेतली पोरं रांगेनं चाललेली पाहून मात्र तू थांबलीस. "एवढुशी पोरं आईबिगार ऱ्हात्यात? मेंढरूबी कोकराला असं सोडत न्हाई गं." आणि तुला रडू आलं. मला वाटलं पोरांसाठी. रात्री जेवताना म्हणालीस, "माझी पोरं थोराड हायत, त्येंचं बरं हाय." तेव्हा कळलं कशासाठी.

आणि तू टँकरच्या रांगेत दवाखाना उघडलास. बाई जरा फिकट दिसली की तू तिला बाजूला घेऊन विचारायचीस, "लय जातंय का अंगावर? किती दिस?" ज्या गोष्टी बायका आईशी बोलत नाहीत, त्या तू घागरी भरता भरता बोलायला लावल्यास. पाच जणींना तू माझ्याकडं पाठवलंस. पाचही जणींचं साधं निघालं आणि दर वेळी तू निरोप धाडलास, "गाठ आमच्याच वाटनीची व्हती म्हन."

तिसऱ्या वर्षी खोकला सुरू झाला. फोटोत छातीत डाग दिसले. तो कागदही मी तुझ्यापुढंच आधी धरला. तू बोट ठेवून विचारलंस, "हे पांढरं?" मी म्हटलं, हो.

आपलं भांडण त्या थंडीतलं. तू उशाला टेकून बसली होतीस, बोलताना दम लागत होता. काही कारण नव्हतं. एकदम म्हणालीस, "तू ते उकरलं नसतंस तर मी तीन वर्सं नीट निजले असते गं."

मला असा राग आला, अक्का! मी म्हणाले, "आणि एक दिवस काही कळायच्या आत खोकायला लागली असतीस. ते बरं होतं?"

"मेंढराला कुटं कळतंय कवा मरनार ते? खातंय, पितंय, निजतंय."

"तू मेंढरू आहेस का?"

तू भिंतीकडं तोंड केलंस. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. नंतर आपण बोललो, पण दुसरंच सगळं. कोकरं किती झाली, भाव काय, धाकट्याचं लग्न कधी. ते वाक्य तू परत घेतलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. आजारी माणसाशी भांडू नये म्हणून नव्हे. मला उत्तराची भीती वाटत होती.

आता भीती नाही, म्हणून माझी बाजू मांडते. मी ती गाठ उकरली म्हणून तुझं आयुष्य वाढलं, असं मी म्हणत नाही. मॅडमना मी सरळ विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कळलं नसतं तरी वेळ कदाचित तीच आली असती. तुझी झोप मी घालवली, हे कबूल. पण ती तीन वर्षं तू डोळे उघडे ठेवून जगलीस. कोण कशासाठी रडतंय ते तुला कळत होतं. तुझ्या अंगात काय चाललंय ते गावाआधी तुला माहीत होतं. उद्या तीच बोर, तोच दगड, तेच कुंकू समोर आलं तर मी पुन्हा नमस्कार करीन आणि पुन्हा उकरीन. तू चिडलीस तरी. तू घोंगडं डोक्यावरून घेऊन भिंतीकडं वळलीस तरी.

एवढं काल सकाळी लिहून झालं होतं. वही मिटून कामावर गेले.

दुपारी लॅबच्या बाकावर आत्ती बसलेली दिसली. एकटी आली होती, एस.टी.नं, कपाळावर घाम, हातात कापडी पिशवी. जी बाई तीन वर्षं माझ्या दारात आली नाही, ती अडीच तास प्रवास करून लॅबचा पत्ता विचारत आलेली. मी पाणी दिलं. तिनं ते घेतलं.

"काय झालं आत्ती?"

"मानसांम्होरं न्हाई."

मी तिला आत, आमच्या बरण्यांच्या खोलीत नेलं. तिनं सगळीकडं पाहिलं, कपाटातल्या बरण्यांवरून तिची नजर फिरली. मग खाली बघत म्हणाली, "दोन म्हैनं झालं. कापडाला लागतंय. ह्या वयात."

"दोन महिने! आणि कुणाला बोलला नाहीत?"

"थोरलीला बोलले व्हते."

म्हणजे तू अंथरुणातून उठू शकत नव्हतीस, तेव्हा.

"मग? अक्का काय म्हणाली?"

आत्तीनं पदर सारखा केला. "म्हनली, धाकटीकडं जावा. मी म्हनलं, नगं, ती उकरती. तर म्हनली, व्हय, उकरती. म्हनूनच तिच्याकडं जावा."

मी तिथंच स्टुलावर बसले आणि हुंदके देऊन रडले, अक्का. आत्ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिला पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. त्यांनी तपासलं, नमुना घेतला, तो आमच्याच लॅबमध्ये आला आहे. आत्ती माझ्याकडं राहिली आहे. आत्ता आतल्या खोलीत निजली आहे. रिपोर्ट आला की काय असेल ते मी आधी तिलाच सांगणार आहे, भावजींना नंतर.

पण एवढं मला तोंडावर सांगितलं असतंस, तर तुझं काय गेलं असतं गं?